केपच्या गुलाम स्त्रिया: अँजेलाच्या गोष्टीला यशोगाथा म्हणावे का?

वाटसरू
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षे मी नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत राहतो. येथील मराठी स्नेह्यांच्या छोट्याशा दिवाळी अंकासाठी केप टाउनमधील गुलाम स्त्रियांवर लेख लिहायला घेतला आणि शीर्षकापाशीच अडलो, म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला, म्हणजे आजच्या केप टाउनला, ठाणे वसवले ते आशियाच्या वाटेवरील जहाजांना भाजीपाला, मांस आणि गोडे पाणी मिळावे म्हणून. तेव्हापासून १८०८ मध्ये आयात बंद होईपर्यंत सुमारे ६३,००० माणसे तेथे गुलाम म्हणून उतरवली गेली. त्यांपैकी ढोबळमानाने चौथा हिस्सा हिंदुस्थानातला होता, म्हणजे बंगाल, कोरोमंडल आणि मलबार किनाऱ्यावरचा. बाकीचे मादागास्कर, आफ्रिकेचा मुख्य भूभाग आणि आजचा इंडोनेशिया येथून आणलेले होते.

माझ्या लेखाची नायिका आहे अँजेला फान बेंगाले, म्हणजे बंगालची अँजेला. ती १६५७ च्या सुमारास बटाव्हियाहून (आजचे जकार्ता) केपला आली आणि खुद्द कमांडर यान फान रीबेकच्या घरी गुलाम होती. १६६६ मध्ये ती मुक्त झाली, पुढच्याच वर्षी तिला गावात जमिनीचा तुकडा मिळाला आणि १६६९ मध्ये तिने आर्नोल्डस बासोन या गोऱ्या रहिवाशाशी लग्न केले. तिची मुलगी आना द कोनिंग हिचे तैलचित्र आजही आहे. आनाचा नवरा ओलोफ बेर्ग याने पुढे ग्रूट कॉन्स्टँशिया ही नामांकित द्राक्षमळ्याची जहागीर विकत घेतली आणि त्याच्या मागे ती आनाकडे आली. मी शीर्षक दिले होते ‘गुलाम ते गृहस्वामिनी’. मसुदा वाचून बायको म्हणाली, हे एखाद्या उद्योजिकेच्या सत्कारासारखे वाटते. तेव्हापासून लेखणी पुढे सरकत नाही. या गोष्टीला यशोगाथा म्हणावे का?

शंकासूर
म्हणावे. त्यात काय बिघडले? जिला हाती काहीच नसताना जमीन, घर आणि कायद्याने मान्य झालेला संसार मिळाला, तिच्या कर्तृत्वाला आपण साडेतीनशे वर्षांनी नाक मुरडायचे कारण नाही. गुलाम स्त्री म्हटली की ती रडतच असली पाहिजे, हा आपला हट्ट तिच्यावर दुसरा अन्यायच करतो.

अबोली_गोंय
वहिनींचे मत मला पटले. बाकी सविस्तर नंतर लिहिते.

तळटीप
शंकासूर, अँजेलाच्या धडपडीबद्दल वाद नाही, पण ती ज्या दारातून बाहेर पडली ते दार किती दिवस उघडे होते, हे पाहिल्याशिवाय यशोगाथा हा शब्द वापरू नये असे मला वाटते.

१६८५ मध्ये कंपनीचा आयुक्त हेन्ड्रिक फान रेडे केपला तपासणीसाठी आला. त्याने गुलामांच्या बाबतीत जे नियम घालून दिले त्यांत गोऱ्या पुरुषांनी ‘पूर्ण’ गुलाम वंशाच्या मुक्त स्त्रीशी लग्न करण्यास मनाई होती. बाप युरोपीय असलेल्या ‘अर्ध्या’ मुलींना मात्र ती मुभा ठेवली. अशा संततीपैकी मुलग्यांनी पंचविसाव्या आणि मुलींनी बाविसाव्या वर्षी मुक्ती मागावी, अट एवढीच की डच भाषा यावी आणि चर्चमध्ये धर्मदीक्षा झालेली असावी. म्हणजे अँजेलाचे लग्न झाले त्यानंतर सोळाच वर्षांनी तिच्यासारख्या बंगालहून आलेल्या बाईला तेच लग्न कायद्याने करता आले नसते. पुढे १७१५ ते १७९१ या काळात तर दर वर्षी हजार गुलामांमागे दोघांनाही मुक्ती मिळत नव्हती. आता याला यशोगाथा म्हणायचे की अपवाद?

या फान रेडेची आणखी एक ओळख मराठी आणि कोकणी वाचकांना असायला हवी. कोचीनचा डच अधिकारी असताना मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ याच गृहस्थाने करवून घेतला. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोकणी वैद्यांनी त्यासाठी मदत केली आणि त्यांचे १६७५ चे देवनागरीतले प्रमाणपत्र त्यात छापले आहे. एकेका झाडाचे स्थानिक नाव चार लिप्यांत जपणाऱ्या माणसाने माणसांची मोजदाद मात्र ‘पूर्ण’ आणि ‘अर्धे’ अशी केली.

वाटसरू
तळटीपताई, हा दुवा मला अजिबात माहीत नव्हता. त्या तीन वैद्यांबद्दल शाळेत वाचले होते, पण तोच हा फान रेडे हे कधी ध्यानातच आले नाही.

केपकर
मी केप टाउनमध्येच राहतो, त्यामुळे अँजेलाच्या पलीकडच्या बायकांविषयी लिहितो.

कंपनीच्या बागेच्या तोंडाशी ‘स्लेव्ह लॉज’ नावाची इमारत आहे. कंपनीच्या मालकीचे गुलाम ठेवण्यासाठी ती १६७९ मध्ये बांधली गेली आणि १८११ पर्यंत तिथे गुलाम, कैदी आणि वेडे ठरवलेले लोक मिळून ९,००० पर्यंत माणसे राहून गेली असे मानले जाते. आज ते संग्रहालय आहे आणि बाहेरून पांढरेशुभ्र, टापटीप दिसते, पण त्या काळी त्याच्या भिंतींना बाहेरच्या बाजूने खिडक्या नव्हत्या, फक्त गज लावलेल्या फटी होत्या. संध्याकाळी साधारण तासभर लष्करी ठाण्यातले शिपाई आणि बंदरावरचे खलाशी आत जात, मग बाहेरच्यांना हुसकावून दार बंद केले जाई. गावातले सर्वात मोठे कुंटणखाने ते, आणि मालक कंपनी. वसाहतीच्या पहिल्या वीस वर्षांत कंपनीच्या गुलाम स्त्रियांना झालेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलांचे बाप युरोपीय होते, असा अंदाज इतिहासकार देतात. मूल आईच्या दर्जाचे, हा नियम असल्यामुळे बाप कोणीही असला तरी मूल कंपनीच्या मालमत्तेतच जमा होई.

केपमध्येच जन्मलेली आर्मोसिन नावाची एक गुलाम स्त्री पुढे लॉजमधील बायकांची मुकादमीण झाली. आर्मोसिन हे त्या काळी बंगालहून येणाऱ्या एका रेशमी कापडाचेही नाव होते. मुलीला मालाच्या यादीतले नाव, यापेक्षा जास्त काय सांगावे?

शंकासूर
केपकर, ‘कुंटणखाना’ पुल्लिंगी आहे, त्यामुळे ‘सर्वात मोठा कुंटणखाना तो’ असे हवे. बाकी प्रतिसाद वाचून गप्प बसलो आहे.

केपकर
दुरुस्ती मान्य. परदेशात राहून लिंगे आधी जातात.

अबोली_गोंय
आता सविस्तर लिहिते, कारण केपच्या आधी शंभर वर्षे हा बाजार आमच्या दारात भरत होता.

लिन्स्कोटेन हा डच प्रवासी १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. जुन्या गोव्याच्या ‘रुआ दिरैता’ म्हणजे सरळ रस्त्यावर रोज सकाळी बाजार भरे आणि त्यात अरबी घोडे, मसाले, गालिचे यांच्याबरोबर तरुण आणि म्हातारे गुलाम विकायला उभे केलेले असत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या जाहीर विक्रीला पोर्तुगीज भाषेत ‘लेलांव’ म्हणत. आपण बँकेने जप्त केलेल्या घराच्या जाहिरातीत जो ‘लिलाव’ वाचतो, तो शब्द तिथूनच आला आहे.

बायकांबद्दल त्याने जे लिहिले आहे ते वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. पोर्तुगीज घरांतल्या गुलाम मुली मुरंबे आणि मिठाया करीत, सुईकाम करीत, आणि त्यांतल्या देखण्या मुलींना नटवून तो माल विकायला रस्त्यावर पाठवले जाई, म्हणजे गिऱ्हाईक मालासाठी नाही तरी मुलीसाठी थांबेल. संध्याकाळी कमाई मालकाच्या हाती. काही जणी घागरीने पाणी विकत. नवरा-बायको दोघेही घरी बसून या मुलींच्या कमाईवर जगत अशी घरे गोव्यात होती. आजही आमच्याकडे नाताळाला दोदोल आणि बेबिंक करतात. या पाककृती घडवणारे सगळेच हात स्वतंत्र बायकांचे नव्हते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

पोर्तुगीज साम्राज्यातली गुलामगिरी कागदोपत्री संपली ती १८६९ मध्ये, आणि तेव्हाही मुक्त झालेल्यांना आणखी काही वर्षे जुन्याच धन्याकडे राबण्याचे बंधन होते.

आजोबा_ऑनलाइन
माहितीपूर्ण धागा. मात्र हे सर्व फिरंग्यांचे पाप आहे. आपल्याकडे दासी असत, पण त्या घरातल्यासारख्या वागवल्या जात.

मोडीवाचक
आजोबा, वडीलकीचा मान राखून असहमत आहे. पेशवाईतील कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत; किल्ल्यांवर, कोठ्यांत आणि पागांत सरकारी कुणबिणी कामाला असत; आणि बदकर्माचा आरोप सिद्ध झालेल्या बाईला बटीक करून सरकारात जमा करण्याची शिक्षाही दिली जाई. ‘बटकीसारखे वागवणे’ हा शब्दप्रयोग घरातल्यासारखे वागवण्यावरून पडलेला नाही. हिंदुस्थानात इंग्रजी कायद्याने गुलामीचा हक्क मानणे थांबवले ते १८४३ मध्ये. मात्र हा विषय वसाहतींचा नाही, म्हणून वेगळा धागा काढतो आणि येथे थांबतो.

आजोबा_ऑनलाइन
वेगळ्या धाग्याची वाट पाहतो. ‘घरातल्यासारखे’ हा शब्द मी मागे घेतो.

दाई
मी निवृत्त परिचारिका आहे, इतिहासाची अभ्यासक नाही, पण एका गोष्टीकडे कोणी वळले नाही म्हणून लिहिते. केपमधील गोऱ्या घरांत बाळाला अंगावर पाजायला गुलाम बायका ठेवत. दूध येण्यासाठी आधी स्वतःचे बाळंतपण व्हावे लागते, हे सांगायला नको. म्हणजे त्या घरात त्याच महिन्यांत दुसरेही एक बाळ असणार, आणि त्याच्या वाटणीचे दूध किती उरत असेल याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. प्रसूती कक्षात काम करताना मी पाहिले आहे की बाळ शेजारच्या खोलीत रडले तरी ओल्या बाळंतिणीच्या अंगावरचे पातळ भिजते. तिथे डोक्याचे काही चालत नाही. आपले बाळ मागीलदारी रडते आहे आणि मांडीवर मालकिणीचे आहे, अशा वेळी त्या बाईचे काय होत असेल, याचा विचार मी हा धागा वाचायला लागल्यापासून करते आहे.

आणखी एक शंका. तिकडे अशा बाईला काय म्हणत?

तळटीप
दाईताई, पाजणारीला ‘मिन’ म्हणत आणि सांभाळणारीला ‘आया’. होय, आपलीच आया, म्हणजे मूळ पोर्तुगीज शब्द, जो पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्याकडेही आला आणि डचमधून तिकडे घडलेल्या आफ्रिकान्स भाषेतही राहिला. घरातल्या मुलांच्या कानावर दिवसभर जी मोडकी, मलायी आणि पोर्तुगीज मिसळलेली डच पडे, ती या बायकांच्या तोंडची होती. आफ्रिकान्स घडण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, जरी पुढे त्या भाषेचा अभिमान भलत्याच लोकांनी मिरवला.

फोडणी
धाग्यावर इतके गंभीर बोलणे चालू असताना खाण्याचे काढते, त्याबद्दल माफी. केपच्या दुकानांत ‘आत्यार’ नावाने लोणचे मिळते, ते आपले अचारच ना? आणि अँजेलाला कागदांत ‘माय’ अँजेला म्हटले आहे असे मी कुठेतरी वाचले. म्हणजे कोणीतरी मराठी माणूस तिथे होता!

तळटीप
आत्यार हे अचारच, पण मलायी भाषेतून गेलेले. माय अँजेला ही नोंद खरी आहे, मात्र तो शब्द पोर्तुगीज ‘आई’ असावा, आपली माय नव्हे. मराठी माणूस शोधण्याची घाई नको.

फोडणी
बरे. लोणचे तरी आमचे राहू द्या.

शंकासूर
मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिले त्याला पुरवणी जोडतो, पण ती माझ्याच विरुद्ध जाते. या धाग्यामुळे अँजेलाविषयी आणखी वाचले. मुक्त झाल्यानंतर तिच्या घरी गुलाम होते. आनाच्या घरी तर असणारच, कारण द्राक्षमळे कोणाच्या हातांनी चालत होते हे उघड आहे. म्हणजे वाटसरूंच्या शीर्षकातील ‘गृहस्वामिनी’ हा शब्द शब्दशः खरा आहे, फक्त त्यातील ‘स्वामिनी’ माणसांचीही होती. तिला दोष देत नाही. त्या गावात प्रतिष्ठित घर म्हणजे गुलाम असलेले घर, आणि पुन्हा खाली ढकलले जाऊ नये म्हणून तिने तीच रीत पाळली असेल. परंतु सत्कार मात्र आता माझ्याच्याने होणार नाही.

केपकर
शंकासूर स्वतःच्या विरुद्ध लिहितात, म्हणजे धागा सार्थकी लागला.

गेल्या रविवारी मुद्दाम चर्च स्क्वेअरला गेलो होतो. लॉजपासून ते चार पावलांवर आहे. तेथे २००८ मध्ये काळ्या ग्रॅनाइटचे अकरा चौकोनी ठोकळे बसवले आहेत आणि त्यांच्यावर गुलामांची नावे कोरली आहेत. दुपारच्या उन्हात दगड इतका तापला होता की नावावर बोट टेकवून पुढच्या अक्षरापर्यंत नेणे जमेना. एक शाळकरी मुलगा त्यावर बसून चिप्स खात होता. समोरच स्पिन स्ट्रीटवर रस्त्याच्या मधल्या पट्टीत जमिनीत एक गोल फरशी आहे. तिथे पूर्वी एक झाड होते, ज्याच्या सावलीत गुलाम विकले जात. गाड्या दोन्ही बाजूंनी जातात, खाली पाहिले नाही तर फरशी दिसतही नाही.

नंतर टेबल माउंटनच्या पायथ्याशी प्लाटेक्लिपच्या ओढ्याकडे गेलो. गावभरातील गुलाम बायका गाठोडी डोक्यावर घेऊन तेथे धुणे धुवायला चढत. ओढ्यात हात घालून पाहिला. हिवाळा सरत आला असला तरी दोन मिनिटांत बोटे बधिर झाली. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या पुलिकतची कात्रेन आठवली. बटाव्हियात एका गुलाम पुरुषाच्या हत्येबद्दल तिला देहदंड झाला होता, तो बदलून जन्मभराची हद्दपारी दिली गेली आणि १६५७ मध्ये ती केपला आली. कागदांत सापडणारी ती तिथली पहिली स्त्री कैदी, आणि काम काय, तर कमांडरच्या घरचे धुणे. पुढे ती मुक्त झाली, तिने बंगालहून आलेल्या एका मुक्त माणसाशी लग्न केले आणि तिच्या मुलापासून स्नेमान हे मोठे गोरे घराणे चालले. वाटसरू, हवी तर ही दुसरी नायिका घ्या.

तळटीप
ज्यांना दार मिळाले नाही अशा दोघींविषयीही लेखात दोन ओळी असाव्यात. १७१३ मध्ये मादागास्करच्या ट्रेन्ट्येला मालकिणीवर विषप्रयोग केल्याच्या आरोपाखाली मारले गेले. त्या घरातील मालकाशी तिचे संबंध होते. त्यात तिची इच्छा किती होती, हे विचारण्याची न्यायालयाला गरज वाटली नाही.

दुसरी सिला. तिचा जन्म केपचाच. मालकिणीने मृत्युपत्रात आपल्याला मुक्त केले होते आणि तरी वारसांनी विकले, असे तिचे म्हणणे होते. नव्या धन्याच्या शेतावर तिने स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलाचा, बारोचा, जीव घेतला. १८२३ मध्ये तिला मृत्युदंड झाला. पण ती गरोदर असल्यामुळे अंमलबजावणी लांबली, शिक्षा बदलली आणि तिला रॉबेन बेटावर पाठवले. का मारलेस, या प्रश्नाचे तिचे उत्तर नोंदले आहे, ते एका शब्दाचे आहे: ‘हर्टसेअर’. काळीज दुखत होते. त्याच वर्षी केपमध्ये दहा वर्षांखालील मुलाला आईपासून वेगळे विकू नये असा नियम झाला. तोपर्यंत ते राजरोस चाले.

या बायकांचे जे शब्द उरले ते असेच, चौकशीतले. विक्री, बाप्तिस्मा किंवा शिक्षा, यांपैकी काही घडले तरच नाव कागदावर येई. जिच्या आयुष्यात यांतले काही घडलेच नाही, जी लॉजच्या अंधारात राबून तापाने गेली, ती आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

दाई
सिलाविषयी वाचून आज जेवण गेले नाही.

वाटसरू
सर्वांचे आभार. लेखाची रचना बदलली आहे. सुरुवात लॉजपासून करतो, मध्ये कात्रेन, ट्रेन्ट्ये आणि सिला येतील, अँजेला शेवटून दुसरी, आणि तिच्या घरच्या गुलामांचा उल्लेख तिच्या लग्नाच्याच परिच्छेदात राहील. डिसेंबर १८३४ मध्ये गुलामी संपल्याचे जाहीर झाले, पण ‘शिकाऊ’ म्हणून आणखी चार वर्षे धन्याकडेच राबावे लागले आणि खरी सुटका १ डिसेंबर १८३८ ला झाली, हेही शेवटी घेतो. ‘गुलाम ते गृहस्वामिनी’ खोडले.

आता एकच अडचण उरली. ‘फान बेंगाले’चे मराठीत ‘बंगालची’ करावे का? वाचायला सोपे जाते.

शंकासूर
करू नका. देवगडचा हापूस, वेंगुर्ल्याचा काजू, बंगालची अँजेला. माल कुठला, हे सांगण्यासाठीच लावलेली ती शेपटी आहे, मराठीत आणली की प्रेमाची वाटते.

अबोली_गोंय
मला उलट वाटते. तिचे खरे नाव कोणालाच ठाऊक नाही, अँजेला हेही दिलेलेच. त्या सगळ्या नावात तिचे स्वतःचे असे काही असेल तर बंगाल तेवढे आहे.

वाटसरू
तूर्तास ‘फान बेंगाले’ ठेवतो आणि अबोलीताईंचे हे वाक्य, त्यांची हरकत नसेल तर, खाली घेतो. अंक छापायला जायला अजून अकरा दिवस आहेत. कोणाला ट्रेन्ट्येविषयी अधिक माहिती असेल तर जरूर लिहावी.